चिनी राजवाड्यातली आमची पल्लवी

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. नाहीतर चहा प्या आणि आपापल्या घरी जा. मी जो पराक्रम केला, तो ऐकून माझी बायको तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली होती. तेव्हा तुमची काय कथा!

दारव्ह्याला माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, अंबाड्याच्या पिना, असलं सगळं. दुपारी गिऱ्हाईक नसतं. अशाच एका दुपारी मोबाईलवर एक मालिका लागली. माणसं चीनची, काळ राजेरजवाड्यांचा आणि बोलणं हिंदी. त्यातल्या बाईच्या केसांत इतक्या पिना होत्या की मी ताठ बसलो. धंद्याची नजर हो! एवढ्या पिना बाईने अडकवल्या कशा, ते बघू म्हणून थांबलो, आणि जो अडकलो तो आजतागायत सुटलो नाही.

गोष्ट काय, तर ही सरदाराची मुलगी. नवऱ्यावर जीव टाकते. त्याला राजगादीवर बसवते. आणि तो पठ्ठ्या गादीवर टेकतो न टेकतो तोच तिला चहातून विष पाजतो. मेली बिचारी. संपली मालिका? छे! इथे तर सुरू होते. बाई डोळे उघडते ती थेट लग्नाच्या आधी, माहेरच्या पलंगावर. आणि मागचं सगळं तिला आठवतंय!

आता मला सांगा, आपल्याकडे पुनर्जन्म काय कमी आहेत? पण आपला माणूस एकदा गेला की कुत्रा होतो की कोंबडा, पत्ता नाही. माणूस झालाच तर मागचं सगळं साफ विसरलेला. त्याचा उपयोग काय? चिन्यांचं बरं आहे. तेच घर, तीच माणसं, फक्त या खेपेला कोण कसा आहे ते आधीच ठाऊक.

मला या गोष्टीचं भलतंच कुतूहल वाटायला लागलं. येईल त्याला विचारायचो, 'असं परत जायला मिळालं तर काय कराल?' बांगड्या भरायला आलेल्या बाया हात पुढे करून विसरून जायच्या आणि बोलतच सुटायच्या. एक म्हणाली, सासूच्या पहिल्याच टोमण्याला उत्तर देईन. दुसरी म्हणाली, नर्सिंगला जाईन. एरवी गप्प असणारी बाई या एका प्रश्नावर बोलते, हे मी पाहिलं आणि मालिका एवढ्या का चालतात तेही थोडं कळलं.

बायकोलाही विचारलं. ती भाजी निवडत होती.

"तुमी मले पाह्याले आलते, तवा मी चहा घेऊन बाहेर आलती ना?"

"हाव."

"आता येनार नाई."

असो!

माझी थोरली बहीण विमलताई यवतमाळला असते. तिलाही मी हा नाद लावला. रोज फोनवर चर्चा. पण अडचण नावांची! चिनी नावं आम्हाला सगळी सारखीच वाटायची. कोण कोणाचा भाऊ, कोणी कोणाला मारलं, काही समजेना. मग आम्ही घरचीच नावं देऊन टाकली. ती बाई रागावली की कपाळाला आठी घालते, तशी ताईची मुलगी पल्लवी घालते. म्हणून ती पल्लवी. तिचा नवरा पहिल्या भागात इतका गुणी, इतका देखणा, की ताई म्हणाली, "हा आपला नितीन!"

नितीन म्हणजे पल्लवीचा होणारा नवरा. बोरी अरबचा मुलगा. सोयरीक जुळलेली, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलेलं. पुढच्या भागात त्या गुणी नितीनने विष पाजलं खरं, पण तोवर नाव आमच्या जिभेवर बसलं होतं. एकदा बसलेलं नाव बदलतं का?

तर साक्षगंधाची बोलणी पक्की करायला, मुलीचा मामा या नात्याने, मी पेढे घेऊन काळीपिवळीने बोरीला निघालो. जीप खच्चून भरलेली. माझ्या शेजारी एक वयस्क बाई, मांडीवर पिशवी. तेवढ्यात ताईचा फोन आला. जीपमध्ये हळू बोलून चालतं का? मी ओरडलो,

"पाह्यलं का ताई? पल्लवीले मागच्या जलमाचं सारं आठोलं!"

ताई तिकडून काहीतरी म्हणाली.

"हाव ना! नितीननं इख पाजलं व्हतं, तेबी आठोलं! आता थे म्हनते, लगन त्याच्याशीच करीन, पन बदला घ्याले!"

ताईने विचारलं, कसा?

"चहातूनच देनार, अजून कायतून! सासूलेबी सोडत नाई म्हनते!"

शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी उराशी धरून त्या सरकल्या. मला वाटलं, बिचारीला जागा होत नसेल. मीही सरकलो. सभ्य माणूस ना!

बोरी आलं. त्या बाई जीप नीट थांबायच्या आत उतरल्या आणि तरातरा निघाल्या. मी चौकात तोंडावर पाणी मारलं, केस विंचरले आणि ऐटीत नितीनच्या घरी पोचलो.

बैठकीत नितीनचे आईवडील आणि स्वतः नितीन भिंतीला टेकून बसले होते. आणि आतल्या दारात जीपमधल्या त्याच बाई!

"हे माही मोठी बहीन. नितीनची आत्या," वडील म्हणाले.

"अरे वा! आपन तं संगंच आलो!" मी खूश. आत्याबाई दोन पावलं मागे सरकल्या.

मी पेढ्यांचा डबा उघडून पुढे केला. कोणी हात लावेना. नितीनच्या आईने डबा दोन बोटांनी उचलला आणि उंच फळीवर ठेवून दिला.

वडील खाकरले. "मामा, पोरीले... मागचं काई आठोते का हो?"

मला वाटलं, पोरीची हुशारी विचारतायत. भाचीची तारीफ करायची संधी मामा सोडतो का?

"आठोते म्हंजे? एकदा मनात धरलं का जलमभर इसरत नाई! कोनाचं काई ठेवत नाई, सारं फेडते!"

आईने पदराने कपाळ पुसलं. "आन चहा कसा करते?"

"चहा? अजी, तिच्या हातचा चहा पेला का मानूस जागचा उठत नाई!"

नितीन पांढराफटक पडला.

तेवढ्यात चहा आला. कोणी कप उचलेना, सगळे माझ्याकडे बघतायत. आता एवढ्या मालिका पाहिल्यावर मला इतकं कळत होतं, की ज्या चहाकडे सगळे बघतात आणि पीत कोणीच नाही, तो आपण पिऊ नये. मीही कप खाली ठेवला. बसलो सगळे एकमेकांच्या कपांकडे बघत. चहा निवला.

शेवटी वडील म्हणाले, "मामा, मानसं तुमी चांगले हा. पन हे सोयरीक आमाले जमनार नाई."

पल्लवी त्या मुलाचा फोन आला की गच्चीवर पळायची. साक्षगंधाची साडी कपाटातून काढून काढून बघायची. त्या पोरीला जाऊन काय सांगू? मी हात जोडले.

"काहून जी? आमचं काय चुकलं?"

आत्याबाई पुढे झाल्या. "म्या ऐकलं ना जीपमंधी, याइच्याच तोंडानं! पोरीच्या आंगात मागचा जलम आला हाय. लगन करून नितीनले चहातून इख देनार हाय. आन वैनी, तुलेबी सोडत नाई!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"ओ आत्याबाई! थे पल्लवी वेगळी! थे चीनच्या राजवाड्यातली!"

"चीनच्या राजवाड्यात पल्लवी कायले जाईन?"

बरोबर आहे. मी मोबाईल काढला. नशीब, भाग डाउनलोड केलेला होता. सगळे वाकून बघायला लागले.

"हे पाहा पल्लवी. कपाळाची आठी पाहा."

नितीनने मान पुढे केली. "आन मी कोनता, मामा?"

नेमका तेव्हाच तो सोनेरी झग्यातला हरामखोर हसत हसत बायकोच्या कपात चहा ओतत होता. मी कसंबसं बोट ठेवलं.

"हा. पन पह्यल्या भागात लै चांगले हा तुमी, जवाईबापू!"

मी ओशाळून मोबाईल बंद करायला गेलो, तर नितीनच्या आईने माझा हात धरला.

"बंद नोका करू. पेली का थे?"

"पेली."

"मंग?"

मग काय! संध्याकाळपर्यंत सगळं घर त्या एवढ्याशा पडद्यावर डोकं घालून बसलं. नवा चहा झाला आणि सगळ्यांनी प्यायला. पेढे फळीवरून खाली आले. साक्षगंध ठरलं. परत येताना मी मनात म्हटलं, देवा, मला अख्खा जन्म परत नको, जीपमधला तो एक फोन तेवढा परत दे.

साक्षगंधाला बोरीची सगळी मंडळी यवतमाळला आली. मी दिसलो की एकमेकांना कोपराने ढोसत होती. न राहवून मी आत्याबाईंना विचारलं,

"तुमीबी मालिका पाहून राह्यले वाट्टे? नावं ठेवले का?"

"हाव मंग! थे चिनी नावं कोनाच्या ध्यानात राह्यते?"

माझी छाती फुगली. "मंग मी कोन? पांढऱ्या दाढीचा प्रधान?"

"नाई जी. फाटकावरचा नोकर नाई का, जो राजवाड्यातलं सारं बजारात बोंबलत सांगते? पह्यल्या जलमात त्याच्याच तोंडापायी पल्लवी मरते. दुसऱ्या खेपेले सारे सुधरले, तेवढा तोच नाई सुधरला. थे तुमी."

मला असा राग आला! तडक ताईकडे गेलो. "ताई, ऐकलं का? हे लोक त्या फाटकवाल्याले माहं नाव देऊन राह्यले!"

ताईने शांतपणे पदर सावरला.

"मंग त्यात काय? आमच्या घरीबी पह्यल्या दिवसापासून तो तूच हायेस. तुले वाईट वाटन म्हनून तुह्यासंगं फोनवर तेवढं फाटकवाला म्हनतो."