आमरसाचं पातेलं

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशीही नाही – आणि त्याच्याजवळ तर मी काय काय बडबडते. मग आज तुम्हाला काहून सांगते आहे, कोणास ठाऊक.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी आणि प्रमिला शेजारी शेजारी काम करायचो. शरीरातल्या संरक्षक पेशी एक पदार्थ सोडून एकमेकींना निरोप धाडतात. त्यातला एक निरोप 'आता सूज पुरे' असा असतो, असं प्रमिलाचं म्हणणं. तो पदार्थ तिनं वर्षभर खपून थेंब थेंब जमवला होता. आतडी सुजलेल्या उंदरांना टोचायचा, सूज उतरते का पाहायचं. उतरली तर तिची शिष्यवृत्ती पुढे चालू, नाही तर घरी. त्या पदार्थाच्या कुप्या मात्र कायम फ्रिजमध्ये हव्यात, नाही तर तो वाया.

आणि फ्रिज एकच.

नवतपा लागला होता, पंख्याचा वारासुद्धा भाजायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचा वाढदिवस आला. मला सरांच्या डोळ्यांत भरायचं होतं – हो, तेवढंच. घरून आमरसाचं भलंमोठं पातेलं नेलं. ते फ्रिजमध्ये मावेना. मग मी काय केलं? कुप्यांचा ट्रे काढून कपाटात ठेवला. घटकाभरासाठी, म्हटलं. मग आमरस, कौतुक, गप्पा – ट्रे विसरलेच. संध्याकाळी आठवलं तेव्हा कुप्या हाताला गरम लागल्या. गुपचूप परत ठेवून दिल्या.

इथवर चूक म्हणा. पण पुढे? प्रमिला रोज त्याच कुप्यांतलं टोचत होती आणि मी शेजारी तोंड शिवून बसले होते. एकाही उंदराची सूज उतरली नाही. सर म्हणाले, या पदार्थात दम नाही. प्रमिला पार खचली. मला विचारलं तिनं, "माह्याच हातानं काही बिघडलं असन का वं?"

तेव्हा तरी बोलायचं ना? मी म्हणाले, "असन."

लाज वाटते सांगायला. शिष्यवृत्ती बंद झाली, ती सक्करदऱ्यात शिकवण्या घेऊ लागली. तिचं टेबल मला मिळालं. पुष्कळ वर्षांनी तसल्याच पदार्थानं आतड्याची सूज उतरल्याचं दुसऱ्या कुणी दाखवलं. मी ते वाचलं आणि कुणाला दाखवलं नाही.

त्या दुपारी प्रमिलाला वाटी मीच भरून दिली होती. एक घोट घेऊन ती म्हणाली, "किती गार झाला वं." मी तिला आणखी वाढला.