कारध्याच्या पुलावर अकरा फेऱ्या

मी विमान चालवायला शिकते आहे, हे आमच्या गावी, कोंढ्याला, बाबांना सांगितलं तेव्हा ते धानाच्या बांधीत उभे होते. त्यांनी बराच वेळ आभाळाकडे पाहिलं आणि मग एकच विचारलं, "वरते तुयासंग कोणी असते का?" मी म्हणाले, "असते ना." त्या दिवशी तरी ते खरं होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नागपूरला आत्याकडे राहून बी. एस्सी. केलं होतं आणि मुलींसाठीची एक सरकारी शिष्यवृत्ती मिळवून फ्लाइंग क्लबमध्ये दाखल झाले होते. क्लबचं विमान दोन माणसांचं, कापडी पंखांचं. सुरू झालं की आत्याच्या शिलाई मशीनसारखं अंगभर थरथरायचं. आमचे शिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले. बुटके, गोल आणि कमालीचे शिस्तीचे. ते वर्गात फळ्यावर विमानाचं चित्र कधी काढत नसत. टेबलावर नकाशा पसरायचे आणि लाल पेन्सिलीने हद्दी आखायचे.

"हे अंगण आपलं नाही," ते त्या लाल रेषेवर पेन्सिल आपटत म्हणायचे. "इथून आत लष्कराची विमानं उडतात. आपण पाहुणे. पाहुण्यानं काय करायचं? बाहेर उभं राहून आवाज द्यायचा. आतून जे सांगतील ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. मग तेवढंच करायचं. आभाळ मोकळं दिसतं म्हणून ते मोकळं असतं असं नाही."

भंडाऱ्याच्या अलीकडे, शहापूरजवळच्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याभोवती त्यांनी एक वेगळं वर्तुळ काढलं होतं. त्याच्यावरून जाणं तर कायमचंच बंद.

विमान चालवण्यापेक्षा मला हे बोलणंच जड गेलं. रेडिओवर सगळं इंग्रजीत, तेही मोजक्या ठराविक शब्दांत. मी घाबरले की माझ्या तोंडून कोंढ्याची बोली बाहेर पडायची. म्हणून घरी सराव सुरू केला. मी उलथनं तोंडापुढे धरायची आणि पोळ्या लाटणारी आत्या कंट्रोल टॉवर व्हायची. मी हद्दीत शिरायची परवानगी मागितली की ती तव्यावरची नजर न काढता म्हणायची, "नाही भेटत. आधी ते उलथनं इकडे दे, पोळी जळून राहिली."

अखेर जानेवारीत मला एकटीला लांबचं उड्डाण मिळालं. नागपूरहून पवनी, तिथून वैनगंगा धरून भंडारा आणि परत नागपूर. निघताना शिक्षकांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "कारध्याच्या पुलावर आलीस की रेडिओवर टॉवरला हाक द्यायची. परवानगी मिळेपर्यंत पुलाच्या पुढे एक इंचही नाही."

पवनीपर्यंत सगळं अगदी पुस्तकासारखं झालं. खाली तलाव चकाकत होते आणि कापणी झालेल्या बांध्या पिवळ्या चौकोनी ठिगळांसारख्या दिसत होत्या. कोंढ्यावरून गेले तेव्हा खाली उतरून आमच्या घरावर एक चक्कर मारायचा फार मोह झाला. पण ठरलेली उंची सोडली नाही. मग नदी आली, वाळूत बारीक झालेली, आणि पुढे कारध्याचा पूल. पलीकडे भंडारा. मी घसा साफ केला आणि टॉवरला हाक दिली. विमानाचा क्रमांक, जागा, उंची, नागपूरकडे यायची परवानगी. सगळं बरोबर आलं. मी स्वतःवरच खूश झाले.

उत्तर आलं, "पुलावरच थांबा. उंची दोन हजार फूट, डावीकडून फेऱ्या. लष्करी विमानांचा सराव चालू आहे. पुढची सूचना मिळेपर्यंत प्रतीक्षा करा." हे सगळं इंग्रजीत. मी जसंच्या तसं परत म्हटलं आणि पहिली फेरी घेतली.

विमान हवेत थांबत नाही. थांबा म्हणजे गोल फिरा. पूल, वाळू, कारध्याची कौलं, भंडाऱ्याच्या बाजूची झाडी, पुन्हा पूल. कारध्यात माझी मावशी राहायची आणि तिच्या घराचं खळं गावाच्या अगदी कडेला होतं. तिसऱ्या फेरीला खळ्यावर दोनचार ठिपके दिसले. पाचव्या फेरीला ते तीसचाळीस झाले. सहाव्या फेरीला कोणीतरी पांढरं धोतर का दुपट्टा डोक्यावर गरगरा फिरवत होतं. सातव्या फेरीला मला दिसलं की खळ्यावरची बैलं हाकलली जात आहेत आणि धानाच्या तणसाचा ढीग चारपाच जण मिळून बाजूला ओढत आहेत.

ते माझ्यासाठी उतरायला जागा करत होते.

त्यांना कसं सांगणार? खिडकीतून हात हलवला तर त्यांना वाटेल मदत मागते आहे. पंख हलवले तर वाटेल पडते आहे. मी काहीच केलं नाही आणि आठवी फेरी घेतली. खाली आता एका बाजूला धूर निघत होता. वारा कुठून आहे ते मला कळावं म्हणून. एवढी अक्कल नेमकी कोणाला सुचली, याचं त्याही अवस्थेत मला कौतुक वाटलं.

इंधन भरपूर होतं. मी तीनदा हिशेब केला, तरी काटा खाली सरकल्यासारखा वाटायचा. समोर नागपूरच्या दिशेला आभाळ स्वच्छ होतं. एक पाखरूसुद्धा नव्हतं. खाली हायवे सरळ नागपूरला जात होता. मनात आलं, खाली उतरून रस्त्याच्या वरवरून गुपचूप निघून जावं, कोणाला काय कळणार? हात अर्धवट पुढे गेलाही होता. पण लाल पेन्सिलीचा तो टकटक आवाज कानात आला आणि मी हात मागे घेतला. त्याऐवजी टॉवरला विचारलं, अजून किती वेळ?

"प्रतीक्षा चालू ठेवा," इंग्रजीत उत्तर आलं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबूनच राहिली ना जी मी! किती थांबू?"

मला वाटलं, गेलं आपलं लायसन्स. मग त्याच आवाजात, पण अगदी आमच्याकडच्या सुरात, उत्तर आलं, "थांबा ना बाई. काहून घाई करून राहिले? पाच मिन्टं अजून." आणि लगेच तो आवाज दुसऱ्या कोणाशी तरी खडखडीत इंग्रजीत बोलू लागला.

दहाव्या फेरीत मी पश्चिमेकडे वळले तेव्हा त्या स्वच्छ आभाळात दोन काळे ठिपके उगवले. ठिपके म्हणेपर्यंत त्यांची विमानं झाली होती. शहापूरच्या अलीकडे, हायवेला आडवी, माझ्यापेक्षा बरीच खालून ती दोन लढाऊ विमानं उत्तरेकडून दक्षिणेला निघून गेली. गेल्यावर आवाज आला, आणि माझं कापडी विमान डगडगलं की मीच डगडगले, ते आजही सांगता येत नाही. रस्त्याच्या वरवरून गुपचूप गेले असते तर मी नेमकी तिथे असते. त्यांना मी दिसले नसते. मला तीही दिसली नसती.

अकराव्या फेरीत परवानगी आली. कारखान्याचं वर्तुळ सोडून, उत्तरेकडून, उंची तीच. मी इतक्या नम्र इंग्रजीत ते परत म्हटलं की आत्याने तव्यावरची पोळी सोडून टाळ्या वाजवल्या असत्या.

उतरले तेव्हा शिक्षक धावपट्टीच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. क्लबातल्या रेडिओवर त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"किती फेऱ्या?"

"अकरा, सर."

"मोजल्या?"

"दुसरं काय काम होतं, सर?"

"हं. आणि 'थांबूनच राहिली ना जी' हे कोणत्या पुस्तकात आहे?" एवढं बोलून ते पाठ फिरवून चालू लागले. खांदे हलत होते. माझ्या वहीत त्यांनी 'समाधानकारक' असा शेरा मारला. तो शब्द ते फारसा वापरत नसत.

रविवारी मी एसटीने भंडाऱ्याला गेले आणि पूल चालत ओलांडून कारध्याला पोचले. मावसाजी ओसरीवर बसले होते. मी पाया पडले तरी बोलेनात.

"काय झालं जी मावसाजी?"

"अकरा चकरा मारल्या," ते खांबाला सांगावं तसं म्हणाले. "खळं साफ केलं. धूर केला. तुयी मावशी चहा ठेवून बसली. आन् तू नागपूरले चालली गेली! गावाले काय सांगू मी?"

"मीच होते हे कसं ओळखलं?"

आतून मावशी म्हणाली, "त्यात काय ओळखा लागते? एका जागी गोल गोल फिरून इचार करणारी आपल्या घरात तूच हायेस."

मी समजावू लागले. हद्द असते, परवानगी लागते, लष्कराची विमानं आधी जातात. मावसाजींना काही पटेना. "वरते काय फाटक हाय का? इतकं मोठं आभाळ, जागा नाही भेटली तुले?"

मग मला तलावाचं पाणी आठवलं. म्हटलं, "मावसाजी, तलावाचं पाणी पाटानं सोडतात तेव्हा समोर पाणी दिसते, बांधीही आपली असते. मग आपण लगेच बांध फोडतो का?"

"कायले फोडतो? पाळी असते ना. मधात कोणी बांध फोडला तर डोके फुटतील."

"तसंच. वरते टॉवर पाळी लावते. माझी पाळी आली नव्हती."

मावशीने भाताचं ताट आणून पुढ्यात ठेवलं. मावसाजी खळ्यावरच्या धुराबद्दल काहीतरी पुटपुटले. ती अक्कल त्यांचीच होती हे मला तेव्हा कळलं. मी मनापासून म्हणाले की वाऱ्याची दिशा मला अगदी बरोबर समजली होती. त्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

दुपारी ते मला बसपर्यंत सोडायला आले. पुलाच्या मध्यावर थांबले. वर पाहिलं, तिथे काहीच नव्हतं.

"ते लढाईचे विमानवाले," त्यांनी विचारलं, "तेही पुसतेत का कोणाले?"

"पुसतेत ना जी."

"त्यायलेही थांबा लागते?"

"नाही भेटली परवानगी तर लागतेच."

मावसाजींनी माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि आम्ही पूल उतरलो.