दोन चषक आणि एक लखू वेळीप

लखू वेळीपचा यॉर्कर कुठून आला, हे जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याच्या रानातल्या माकडांना विचारा. लहानपणी फणसाच्या राखणीला बसवलेल्या लखूने त्यांना इतके दगड मारले, की पुढे हातात टेनिसचा चेंडू आला तेव्हा त्याला वेगळं काही शिकावंच लागलं नाही. माकडांच्या जागी तीन यष्ट्या आल्या, एवढाच काय तो फरक. एरवी हा माणूस साधा. पावसाळ्यात भात, नंतर रानातली मजुरी, आणि कापणी झाली की रविवारी क्रिकेट. बोलणं कमी. पण लखू ‘येतो’ म्हणाला की येणार, याबद्दल सगळ्या डोंगरात कुणाला शंका नव्हती. लखूला त्याच्या यॉर्करपेक्षा याचाच अभिमान जास्त होता.

आता रामनगरात शंकर हे मोठं प्रस्थ. पत्रे, खिळे आणि पाण्याच्या टाक्यांचं दुकान. त्याने ‘रामनगर चषक’ सुरू केला आणि खेळाडूंना चक्क मानधन द्यायला लागला. तोवर आमच्याकडे खेळायचे पैसे मिळतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मिळायच्या त्या घरच्यांच्या शिव्या. मग एका वर्षी बॅनरवर शंकरचा फोटो बैलाएवढा आला आणि त्याच्या मेहुण्याचा, किरणचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. किरण गॅरेजवाला, डोकं आधीच तापलेलं. त्याने दुसऱ्या वर्षी ‘जोयडा महाचषक’ काढला. तोही त्याच रविवारी.

पुढे जे झालं त्याला स्पर्धा म्हणायला जीभ रेटत नाही. शंकरने टोप्या वाटल्या, तर किरणने टोप्या आणि काळे चष्मे. शंकरने कर्णे लावले, तर किरणने कर्ण्यांसाठी वेगळा टेम्पो लावला. किरणचा चषक तर इतका उंच होता की जिंकलेल्या कप्तानाच्या दारातून आत जाईना. तो गोठ्यात आडवा ठेवला आणि म्हैस त्यात तोंड घालून कोंडा खाऊ लागली. खेळाडू पळवायचे प्रकार तर विचारू नका. सकाळी एका चषकाच्या टेम्पोत बसलेला पोरगा वाटेत चहाला उतरला की दुपारी दुसऱ्या चषकात दिसायचा.

म्हणून शंकरने नारळाची पद्धत काढली. बाकी मराठी मुलखात नारळ देतात तो घरी पाठवताना. इथे तो बांधून घ्यायला. देवाच्या नावाने कुंकू लावलेला नारळ खेळाडूने हातात घ्यायचा, घरी देवाच्या फळीवर ठेवायचा आणि हंगाम संपला की फोडायचा. कागदावर सही करून पळणारे पुष्कळ, पण देवाचा नारळ घेऊन पळायची कुणाची छाती होती?

लखूने शंकरचा नारळ घेतला आणि फळीवर ठेवला. विषय संपायला हवा होता. पण चार दिवसांनी लखू रानात गेलेला असताना किरणची माणसं टेम्पोतून दारात आली. घरी लखूची बायको पुतळी होती. त्यांनीही तसाच कुंकवाचा नारळ पुढे केला. दारात आलेला नारळ नाकारायचा कसा? तिने पदर पसरून घेतला. माणसं खूश होऊन, जास्त न बोलता निघून गेली. फळीवरचा नारळ कशाचा, हे लखूने घरी सांगितलंच नव्हतं. पुतळीला वाटलं, कुठल्या तरी जत्रेचा प्रसाद. आणि प्रसाद ठेवून द्यायचा नसतो. तिने तो फोडला, खवला आणि मुडलीच्या कंदाच्या भाजीत घातला.

लखू दमून आला होता. दोनदा भाजी वाढून घेतली, वर वाटी पुसून खाल्ली. मग म्हणाला, “आज भाजी बेस झालीया.”

“व्हय, किरणण्णाच्या माणसांनी नारळ आणून दिल्याला,” पुतळी म्हणाली.

लखूला जोराचा ठसका लागला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, पण खाल्लेला नारळ काही बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी तो वाडीचे बुधवंत धाकलू यांच्याकडे गेला. वाडीतले तंटे मिटवायचे ते बुधवंतांनीच. धाकलूंनी विडा जमवला, बराच वेळ चघळला आणि निवाडा दिला. “फळीवरचा नारळ परत करता येतोय. प्वाटातला न्हाई. शंकरचा दिऊन ये.”

लखू बसने रामनगरला गेला. शंकरने नारळ बघितला मात्र, दोन्ही हात पाठीमागे बांधले. “म्या घेत न्हाई.” देवाच्या नावचा नारळ भुईवर ठेवायचा नसतो, आणि दुकानात तर भुईशिवाय होते फक्त खिळ्यांचे डबे. लखू नारळ धरून उभा, शंकर हात बांधून उभा. गिऱ्हाइकांनी स्वतःच खिळे मोजून घेतले, स्वतःच पैसे गल्ल्यात टाकले. शेवटी परतीची बस लागली तसा लखू नारळ मांडीवर घेऊन घरी आला.

तोवर बातमी फुटली होती. चहाच्या टपरीवर लोक म्हणू लागले, लखू दोन्ही डगरींवर हात ठेवून बसलाय, जो जास्त देईल त्याचा. लखूच्या कानावर ते आलं आणि त्याला जेवण गोड लागेना. त्याला हरल्याचं दुःख कधी झालं नव्हतं, पण हे लागलं. फार लागलं.

धाकलूंनी पुन्हा विडा जमवला. “दोघांचं घ्येतलंस, दोघांचं राख. दोघं एका मैदानात येतील तवाच खेळायचं. तवर हात लावायचा न्हाई चेंडूला.”

लखू घरी बसला. इकडे माणसं दोन मैदानांत वाटली गेली आणि तीही लखू नाही म्हटल्यावर पातळ होत गेली. एका रविवारी तर किरणच्या कर्ण्यासमोर कर्णेवाला आणि दोन कुत्री एवढेच प्रेक्षक उरले. अखेर शंकरची बायको शांता, म्हणजे किरणची बहीण, वैतागली. तिने दोघांना एका पंगतीला बसवून सांगितलं की ताटं वाढीन ती सामना ठरल्यावर. सामना ठरला. शंकरचा विजेता संघ विरुद्ध किरणचा विजेता संघ, आणि लखू दोघांकडून गोलंदाजी करणार.

त्या दिवशी कॅसलरॉकपासून माणसं आली. आजवर एकही सामना न बघितलेली पुतळी बांधावर येऊन बसली. आधी लखूने शंकरकडून गोलंदाजी केली आणि किरणची मधली फळी उडवली. “आमच्यावरच एवढा जोर?” किरण पुटपुटला. मग लखूने टोपी बदलली आणि किरणकडून चेंडू हातात घेतला. तेव्हा शंकरची फळी उडाली आणि पुटपुटायची पाळी शंकरची आली. शेवटचा चेंडू उरला. शंकरच्या संघाला पाच धावा हव्या होत्या. समोर सूरज, ट्रकवरचा क्लीनर, जो एरवी बॅट चालवायचा ती टायर ठोकल्यासारखी.

लखू धावला. चेंडू यष्ट्यांच्या बुंध्यात पडायला निघाला, जिथे तो हजारदा पडला होता. सूरजने बॅट फिरवली आणि चेंडू बांधावरून पार पलीकडे गेला.

मग किरण मैदानात धावत आला. “इकला ग्येला ह्यो! पैल्यापासून शंकरचाच व्हता! दिला चेंडू सोडून!” मागून पाचपंचवीस जण ओरडू लागले.

लखू खेळपट्टीवरच फतकल मारून बसला आणि रडू लागला. डोळे पुसत किंवा तोंड लपवत नव्हे. मोठ्याने, हुंदके देत.

पुतळी बांधावरून उतरून थेट किरणपुढे उभी राहिली. “किरणण्णा, बा मेला तवा बी आमचा मानूस असा रडला न्हाई. इकल्याला मानूस रडतोय व्हय? तो गल्ला मोजतोय!”

किरणने लखूकडे बघितलं. मग कुणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली ओढून घेतली आणि लखूपुढे धरली. “पी बाबा. चुकलं माझं.” मागची ओरडणारी माणसं हळूहळू बांधाकडे सरकली.

एवढ्यात सूरज डोकं खाजवत आला. “मामा, खरं सांगू? म्या डोळं मिटून मारल्यालं.”

लखूचा हुंदका अर्ध्यावर थांबला. “मिटून?”

“देवाशप्पत.”

लखू ताडकन उभा राहिला. मागे शंकर आणि किरण पुढच्या वर्षी एकच चषक करायचं बोलू लागले होते, आणि नाव कुणाचं आधी यावरून आवाज चढायलाही लागला होता. शंकरने वळून विचारलं, “लखू, फुडल्या वर्साला तू कुणाकडनं?”

लखूने नाक पुसलं आणि सूरजकडे बोट दाखवलं.

“कुणाकडनं बी घाला,” तो म्हणाला. “पर ह्येच्या इरुद्ध.”