वायरीखालचा रंग

हे लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. देवाची कृपा सांगायची तर आधी स्वतःची लाज सांगावी लागते, आणि तिथेच हात अडतो.

मी कुडव्यात थंड मालाच्या गाड्यांची कूलिंग युनिटं दुरुस्त करतो. गेल्या उन्हाळ्यात एका मालकाच्या गाडीच्या युनिटला मी बॅटरी चार्ज करणारा नवा अल्टरनेटर बसवला. आठवडाभरात ती गाडी जनावरांच्या लशी घेऊन देवरीकडे निघाली आणि वाटेत बॅटरी उतरून युनिट बंद पडलं. सगळ्या लशी वाया गेल्या. मालकाने मला बोलावलं. मी बॅटरी चार्ज करून युनिट चालू करून दिलं आणि मीटर न लावताच म्हणालो, "माझं काम पक्कं आहे. ड्रायव्हर डब्यातला लाइट चालू ठेवून झोपला असंल." ड्रायव्हर हेमराजभाऊ समोरच उभे होते. "मी झोपलो नव्हतो, मिस्त्री," एवढंच ते बोलले. त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. झोपला होता याचं पुढे पिऊन झोपला होता असं झालं, हेही माझ्या कानावर आलं. मी गप्प राहिलो.

दिवाळीनंतर तीच गाडी पुन्हा आली. ड्रायव्हर नवा, तक्रार जुनीच. मधल्या महिन्यांत दोनदा बॅटरी बदलली, तरी उतरत होती. या वेळी मी नीट तपासायला बसलो. युनिट चालू असताना अल्टरनेटरवर चौदा व्होल्ट मिळत होते, बॅटरीवर मात्र जेमतेम बारा. म्हणजे करंट तयार होत होता, वाटेत अडत होता. पॉझिटिव्हची वायर चांगली निघाली. मग मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. तिथे काटा हलायलाच नको होता, आणि जवळजवळ दोन व्होल्ट दिसले. अर्थिंगचा बोल्ट खोलला. वायरीखाली फ्रेमचा रंग तसाच होता. तो खरवडून लोखंड उघडं करायचं असतं, नाहीतर रंग करंट अडवतो. बसवताना मी ते केलं नव्हतं. घाई होती, दुसरं काही नाही.

मी रंग खरवडला, बोल्ट आवळला, आणि कोणाला काही न सांगता गाडी रवाना केली. सांगितलं तर इतक्या वर्षांचं नाव जाणार होतं. दुपारी नारळ घेऊन नागऱ्याला महादेवाच्या देवळात गेलो. पिंडीपुढे मी काय मागितलं ते लिहायलाही लाज वाटते. "देवा, हे झाकून राहू दे," एवढंच मागितलं. डोकं टेकलं, पण मन काही हलकं झालं नाही.

बाहेर येऊन मोटरसायकलला किक मारली, ती सुरू होईना. प्लग काढायला घेतला तर पाना नीट बसेना. मागून कोणी म्हणालं, "सरका मिस्त्री, मी पाहतो." हेमराजभाऊ होते. आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत होते, दर्शनाला थांबले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी प्लग काढला, गमछ्याने पुसून परत बसवला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भाऊ, चूक माझी होती." उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी गमछा खांद्यावर टाकला.

"मंग तवा माहं नाव काऊन घेतलं?"

मी मोटरसायकल बंद केली.

"मालकाले सांगाल का?"

"सांगतो. उद्या जातो."

"उद्या नाही. आत्ताच चला. उद्या तुमचं मन फिरून जाईल." आणि ते मागे बसले.

फुलचूरला मालकाच्या घरी मी हात जोडून सांगितलं. मालक रागाने म्हणाले, "मिस्त्रीजी, बिना चेक किए आदमी का नाम ले लिया?" माझं काम त्यांनी तिथेच बंद केलं. हेमराजभाऊंपुढे त्यांनी गाडीची किल्ली धरली. भाऊंनी ती घेतली नाही. "आधी माह्या घरी चला. माही बायको सहा महिन्यांपासून लोकाईचं बोलणं आयकून राहिली."

मालक आणि मी, दोघेही त्यांच्यासोबत त्यांच्या गावी गेलो. अंगणात, शेजारीपाजारी ऐकत असताना मी पुन्हा सांगितलं. वहिनी दारात उभ्या होत्या. मला वाटलं होतं, शिव्या देतील. त्या आत गेल्या, तांब्याभर पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "प्या. लय दुरून आले." मी तिथेच रडलो. मग हेमराजभाऊंनी मालकाच्या हातून किल्ली घेतली.

त्या दुपारी ते नेमके त्याच वेळी देवळात कसे आले, याचा मी शोध घेतला नाही. माझी दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली, ती परत आली नाहीत. मी देवाकडे चुकीवर पांघरूण मागायला गेलो होतो. ज्याच्यापासून लपायचं होतं त्यालाच त्याने माझ्या मदतीला धाडलं. आता पिंडीपुढे मी काही मागत नाही. जे केलं ते सांगतो आणि त्याचं काय करायचं ते त्याच्यावर सोडतो.