तुळशीचे दोन डबे

आमच्या घरी एकच गोष्ट अशी होती की जिच्याबद्दल माझे वडील आणि देव यांचं पूर्ण एकमत होतं : महिन्याच्या त्या तीन दिवसांत बाईनं तुळशीला हात लावला तर तुळस करपते. वडील कारखान्यात सुटे भाग तपासायचे. केसाएवढा फरक असला तरी भाग परत पाठवणारा हा माणूस तुळशीच्या बाबतीत मात्र काही न तपासता ठाम होता. मला त्याचा राग यायचा. कावळा शिवला की मी बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या वठाराच्या मागच्या पडवीत पोतं अंथरून बसायची. वठार म्हणजे एका अंगणाभोवती दाटीनं बांधलेली सात-आठ बिऱ्हाडं. मी कधी बसले आणि कधी उठले हे त्या सगळ्या बिऱ्हाडांना कळायचं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी चौदा वर्षांची होते. जवळच्या एका विज्ञानसंस्थेत शाळकरी मुलींसाठी रविवारचा वर्ग सुरू झाला होता. शिकवणाऱ्या बाई तिथेच संशोधन करायच्या. सुती साडी, हातात घड्याळ, आणि आमच्या शाळेतल्या कुठल्याच शिक्षिकेला नसलेली एक सवय : प्रश्न विचारून झाला की उत्तराची खरोखर वाट बघायच्या. लोहचुंबक, भिंगं, परीक्षानळ्या हे सगळं त्यांनी आमच्या हातात दिलं. फुटलं तर फुटलं म्हणाल्या. आमच्या घरी कपाचा कान तुटला तरी आठवडाभर त्यावर बोलणं चालायचं.

एका रविवारी बाईंनी काम दिलं. तुमच्या घरात सगळे जे खरं मानतात त्यातलं एक काहीतरी तपासून या. दोन सारख्या वस्तू घ्या. एकीवर ते करा, दुसरीवर करू नका, बाकी सगळं सारखं ठेवा. वर्गाच्या शेवटी पालकांसमोर प्रत्येकीनं आपला प्रयोग सांगायचा होता, आणि त्यातून निवडलेल्या दोघींना उन्हाळ्यात महिनाभर प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. मला ते इतकं हवं होतं की जेवणावरची वासना उडाली.

माझा प्रश्न मी बाईंच्या कानात सांगितला. त्या हसल्या नाहीत. "सरी, ठीक आहे," म्हणाल्या, "पण दुसऱ्या डब्यालाही कुणाचा तरी हात लागला पाहिजे. नाहीतर फरक हाताचा की विटाळाचा, ते कळणार कसं?"

हे मला सुचलंच नव्हतं. दुसरा हात कुणाचा, याचा मात्र विचार करावा लागला नाही. आईचं थांबलेलं होतं. आम्ही बेंगळुरूला आलो त्याच वर्षी थांबलं, लवकरच थांबलं, असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं. तेव्हापासून ती कधी बाजूला बसली नव्हती. तिच्याइतका चोख हात घरात दुसरा नव्हता.

वडील परवानगी देणार नाहीत असं मी धरून चालले होते. असल्या विषयावर ते माझ्याशी थेट बोलायचे नाहीत. आईनं त्यांच्या कानावर घातलं तेव्हा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तिला म्हणावं, कर. तपासून बघायलाच हवं. काय होतं ते तिचं तिलाच दिसेल." निकालाची त्यांना इतकी खात्री होती.

वनस्पती तुपाच्या दोन रिकाम्या डब्यांत मी तुळशीची सारखी रोपं लावली. माझे दिवस आले तसा एक डबा पडवीत माझ्याजवळ आला. मी रोज त्याची पानं चोळायची, माती चाचपायची, पाणी घालायची. दुसरा डबा पडवीच्या दुसऱ्या टोकाला होता. आई त्याचं तेवढंच करायची. पहिल्या दिवशी मी पानाला नुसतं बोट लावून मागे घेतलं हे मान्य करते. वाद घालणं वेगळं आणि तुळशीला शिवणं वेगळं.

काही झालं नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला, दोन्ही रोपांना नवी पानं फुटली. मी हवेत होते. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिचकावले आणि मग नेहमीसारखं विचारलं, "दुसरा हात नक्की चोख होता ना? विचारलंस?"

विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? तरी संध्याकाळी आई धुण्याच्या दगडावर होती तेव्हा सहज म्हणून विचारलं. ती कपडा आपटता आपटता थांबली. आधी वठाराच्या अंगणात कुणी आहे का ते तिनं पाहिलं.

"मोडला गं तुझा प्रयोग," ती म्हणाली. "मलाही आलं होतं तेव्हा."

मला काही समजेना. मग ती खालच्या आवाजात बोलत गेली. आम्ही इथे आलो त्या वर्षी वडिलांना विषमज्वर झाला होता. घरात दुसरं बाईमाणूस नाही, भाषा येत नाही, शेजार नवा. "मी बसले असते तर ह्यांना पेज कुणी दिली असती? दिली मीच. भीत भीत दिली. बरे झाले की नाही? मग सांगून टाकलं, माझं थांबलं म्हणून."

"म्हणजे इतकी वर्षं? गणपतीचा नैवेद्यसुद्धा?"

"सगळंच."

"आणि मला मात्र पोत्यावर बसवतेस!"

"तुझं सगळ्या वठाराला ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझं मात्र कुणाला कळता कामा नये. देवाचं मी बघून घेईन. पण ह्यांना आता कळलं तर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत." आईला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पालकांच्या दिवशी वडील इस्त्रीचा कोट घालून पुढच्या बाकावर बसले होते. माझा नंबर आला. दोन्ही डबे टेबलावर हिरवेगार. बाईंनी प्रश्न सौम्य शब्दांत मांडला, शिवाशिवीनं रोप करपतं का, आणि मला विचारलं, "दुसरा हात नक्की चोख होता?"

"होता" म्हणाले असते तर खोटा प्रयोग खरा म्हणून खपला असता, आणि तोही बाईंसमोर. "नव्हता" म्हणाले असते तर पुढच्या बाकावरच्या माणसानं घरी जाऊन काय केलं असतं? "नक्की सांगता येत नाही, मिस," मी म्हटलं. "प्रयोग फसला." बाईंनी वाट बघितली. त्यांची ती वाट बघण्याची सवय तेव्हा मला नकोशी झाली. मी दोन्ही डबे टेबलाच्या कडेला सरकवले, मग त्यांनी दुसऱ्या मुलीला बोलावलं. उन्हाळ्यासाठी दुसऱ्याच दोघींची नावं वाचली गेली.

रात्री वडील जेवायला बसले. ताटाभोवती पाणी फिरवून त्यांनी चित्राहुती घातल्या. आई वाढत होती. लाकडांच्या ढिगामागे तिच्या त्या दिवसांतल्या कापडाच्या घड्या वाळत घातलेल्या मी सकाळीच पाहिल्या होत्या. आता त्या कुठे बघायच्या हे मला कळलं होतं.

"पण मला एक समजत नाही," वडील म्हणाले. तपासनीसच ते. "दुसऱ्या डब्याला हात हिचा होता ना? मग त्यात नक्की सांगता न येण्यासारखं काय होतं?"

आईचा हात भाताच्या पातेल्यात थांबला. मला त्यांचा राग आला, आईचा आला, माझ्या हातून गेलेल्या त्या महिन्याचाही आला.

"अगं, हिच्या हातानं या घरात आजवर कधी काही नासलंय का?" ते म्हणाले आणि भातासाठी ताट पुढे सरकवलं.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "काहीच नासलं नाही."