शिलाई मशीनवर चाललेली शेती

काकांना अख्खं गाव डॉक्टर म्हणायचं. औषध मात्र एकच: ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. पंप अडला की ट्रॅक्टरचा नट पंपाला, ट्रॅक्टर अडला की फवाऱ्याची नळी ट्रॅक्टरला. नवा भाग विकत आणणं म्हणजे नाक कापून घेणं! त्यामुळे शेतावर एका वेळी एकच यंत्र चालायचं, आणि बाकीची रक्तदान केल्यासारखी आडवी पडलेली असायची.

"यंत्र बिघडत नसतं गं," ते काकूंना सांगायचे, "त्याला शेजाऱ्याची मदत लागते, एवढंच."

त्या दुपारी मात्र शेजारीच संपले. खळ्यावर वर्षभराचा गहू रचलेला, पश्चिमेला आभाळ काळंकुट्ट, आणि मळणी यंत्राच्या चाळणीचं चाक ताडकन फुटलं. सुट्या भागांचं दुकान शहरात. जाऊन यायचं म्हणजे गव्हाचा चिखलच.

त्या मापाचं चाक कुठे आहे, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. चारा कापायच्या यंत्राला, हिरव्या रंगाखाली. पण काकूंसमोर त्याला हात कोण लावणार? नऊ वर्षांपूर्वी काकू माहेरी गेल्या असताना काकांनी ते त्यांच्या शिलाई मशीनचं काढलं होतं. वर थाप काय मारली? "कंपनीनं चाकं परत मागवली." काकू "असेल" म्हणाल्या आणि मशीनवर चादर टाकून मोकळ्या झाल्या.

म्हणून आज काकांनी आधी ढकलगाडीचं चाक लावून पाहिलं, मग पातेल्याचं झाकण. झाकण भिरभिरत खुराड्यावर जाऊन आदळलं आणि कोंबड्या जीव खाऊन ओरडायला लागल्या.

काकू शांतपणे म्हणाल्या, "चारायंत्राचं काढा की."

"ते? छे, ते नाही बसायचं."

"न बसायला काय झालं? माझ्या मशीनचं आहे. बसेल."

काकांच्या हातातला पाना पायावर पडला. कळ मस्तकात गेली, पण ओरडायचं तोंड कुठे होतं!

"तुला माहीत होतं?"

"नऊ वर्षं रोज चारा कापतेय त्याच्यावर. रंग दिलात, आवाज कुठे बदललात? मशीनचं पायडल ट्रॅक्टरच्या क्लचला. सुया-दोऱ्यांचा खण कोंबड्यांना अंडी घालायला. आणि मशीनचा चामड्याचा पट्टा तुमच्या कमरेला!"

काकांचा हात आपसूक कमरेवर गेला.

"मग बोलली का नाहीस?"

"कधीतरी तुम्हालाच लाज वाटेल आणि कबूल कराल, म्हणून थांबले. मला शिवायला फार आवडायचं हो." काकूंनी पाना उचलून त्यांच्या हातात दिला. "आज चाक वापरा. उद्या सगळं जागेवर हवं. शब्द द्या."

काकांना भयंकर शरम वाटली. त्यांनी शब्द दिला. चाक असं बसलं, जणू तिथलंच. शेवटचं पोतं आत गेलं आणि पाऊस कोसळला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकांनी शब्द पाळला. चाक, पायडल, पट्टा, खण, सगळं पुसून, तेल घालून जागेवर. घरात मशीन खडखडायला लागलं आणि बाहेर शेती ठप्प! ट्रॅक्टरला क्लच नाही, चारायंत्राला चाक नाही, कोंबडी काकांच्या टोपीत बसलेली.

संध्याकाळी काका जन्मात पहिल्यांदा शहरातल्या दुकानाची पायरी चढले. एका हातात यादी, दुसऱ्या हातानं पँट धरलेली.

दुकानदार मूळ गावचाच; तो उठूनच उभा राहिला. "डॉक्टर, तुम्ही? आणि इथे? एवढं काय बिघडलं?"

"बिघडलं काही नाही," काका म्हणाले. "बायकोचं मशीन सुरू झालंय."