आवतण दिलेला बैल

मरणाचं इंजेक्शन देण्याआधी बैलाला चोवीस तास उपाशी ठेवा, असं मी एका घरी ठणकावून सांगितलं. पोळा दुसऱ्या दिवशी होता.

मी ढोरांचा डॉक्टर. सरकारी कागदावर माझं पदनाम एका ओळीत मावत नाही, पण जऊळक्यापासून किन्हीराजापर्यंत त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. 'ढोरायचा डाक्टर' म्हटलं की पुरतं. या नोकरीत मी भाकड म्हशीला गाभण ठरवलंय. एकदा तपासायला आणलेल्या बकरीनं माझी नोंदवही खाल्ली, आणि मी तिची शेपटी तपासत बसलो होतो. त्या चुकांवर गावासोबत मीही हसलो. या चुकीवर हसायला मला बराच वेळ लागला.

बैल म्हातारा होता. पांढरा, एका शिंगाचं टोक तुटलेलं. नाल्याच्या उतारावर ओल्या दगडावरून घसरला आणि मागच्या पायाचं मांडीचं हाड मोडलं. त्या वयाच्या, त्या वजनाच्या जनावराचं ते हाड आमच्यानं जुळत नाही. पाच दिवस तो गोठ्यात एका कुशीवर पडून होता. घरच्यांनी खाली सोयाबीनचं कुटार जाड अंथरलं, दिवसातून तीनदा कूस बदलली, तरी जखमा झाल्या आणि माश्या बसायला लागल्या. दुखणं दाबायची औषधं मी देत होतो, पण पाचव्या दिवशी त्यांचा असर दोन तासही टिकेना.

घरात निर्णय चालायचा म्हातारीचा. मुलगा पन्नाशीचा, शेत तोच पाहायचा, पण बैल तिचा. वासरू असताना त्याची माय मेली, तेव्हा हिनंच बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवला होता. मी तिला सगळं नीट सांगितलं. हा बरा होणार नाही. बरं न होणाऱ्या जनावराला वेदनेतून सोडवता येतं, त्याची रीतसर परवानगी घेतो, उद्या सकाळी येतो.

"दुखन नाई न त्याले?" तिनं विचारलं.

"नाही. आधी गुंगी, मग गाढ झोप, मग हृदय थांबतं. मी शेवटपर्यंत बसतो."

"मंग कर. पन दुखलं तं मी तुले सोडनार नाई."

इथवर मी शहाण्यासारखा वागलो होतो. मग मोटरसायकलवर टांग टाकली आणि तोंड उघडलं. "आणि हो, चारा-पाणी बंद. चोवीस तास. पोटात काही नको."

हे वाक्य मी बेशुद्ध करायच्या प्रत्येक जनावराच्या मालकाला सांगत आलोय. भरल्या पोटी गुंगी दिली तर पोट फुगतं, वैरण उलटून श्वासनळीत जाते. ऑपरेशन झाल्यावर जनावर सुखरूप उठावं, यासाठी तो उपास. जे उठणारच नाही त्याला उपास कशाला, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवला नाही. जीभ सवयीनं पुढं गेली आणि मी तिच्या मागं.

मागच्या सीटवर दवाखान्यातले परिचर होते. निवृत्तीला आलेले. अर्ध्या रस्त्यात ते म्हणाले, "साहेब, त्याले उपाशी कायले ठेवाचं?"

"नियम आहे."

"मरतानी बी?"

"तुम्ही औषधांची पेटी नीट धरा."

त्यांनी पेटी नीट धरली. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जनावरं त्यांनी शेवटाला पोचवली होती, पण पदनाम माझं लांब होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर गोठा झाडलेला, बैल धुऊन काढलेला. नवी वेसण, शिंगाला लाल गोंडे. त्याचा जोडीदार अंगणात सजून उभा. मुलगा माझ्याकडे पाहून हसला. पाच दिवसांत पहिल्यांदा हसला असेल.

"साहेब, म्या लई इचार केला," तो जवळ येऊन हळूच म्हणाला. "ज्याले माराचं हाय त्याले कोनी उपाशी ठेवते काय? माह्या बायकोचं अपेंडिक्स काढलं तवा डाक्टरनं असंच ठेवलं व्हतं तिले. म्हंजे तुमच्या मनात ऑपरेशन हाय. मायले धक्का नोको म्हून तुमी बोल्ले नाई. बरोबर?"

मी बैलाजवळ बसलो. त्यानं जड मान वळवली आणि माझा हात चाटायला सुरुवात केली. जीभ कोरडी, खरखरीत. हातात काही असेल असं त्याला वाटत होतं.

तेवढ्यात म्हातारी चुलीपासून उठून आली. "पाहून घे, डाक्टर. पाहाटपासून हंबरून राह्यला. काल सांजीले खांद शेकले त्याचे, लोनी-हयद लावली, अन् म्या सोता कानात सांगतलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन देल्लेलं जनावर हाय हे. अन् तू म्हनतं पानी बी नोको. उपाशीच लावू काय दारातून त्याले?"

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे लोणी-हळद लावून शेकतात आणि त्याला असं जेवायला बोलावतात. हे आवतण मला माहीत नव्हतं म्हणावं, तर मीही याच मातीतला. घरी बैल होते तेव्हा ते शब्द मी स्वतः बैलांच्या कानात म्हटलेत.

एखादं भारदस्त कारण सुचतंय का म्हणून मी क्षणभर आत शोधलं. "काही केसेसमध्ये पोट रिकामं असलं की..." इतकं म्हणून झालंसुद्धा. मग परिचरांकडे नजर गेली. ते पेटी अगदी नीट धरून उभे होते.

"चूक माझी आहे," मी मुलाला म्हणालो. "ऑपरेशन नाही. तो उठणार नाही, काल सांगितलं तेच खरं. उपासाची काही गरज नव्हती. सवयीनं बोललो."

मुलगा खाली बसला. बैलाच्या शिंगाचा गोंडा सोडायला लागला. म्हातारीनं त्याचा हात धरला. "राहू दे. पोया हाय त्याचा."

मी आधी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, जेवणापुरता तरी आराम पडावा म्हणून. म्हातारीनं पुरणपोळीचे तुकडे करून त्याला भरवले. तीन पोळ्या खाल्ल्या त्यानं. बादली मी धरली, तो अर्धं पाणी प्यायला आणि अर्धं माझ्या बुटांत सांडलं. मग मी पेटी उघडली.

"घाई कायले करतं?" म्हातारी म्हणाली. "रवंथ करू दे त्याले."

मग आम्ही बसलो. मुलगा, म्हातारी, परिचर आणि ओल्या बुटांचा मी. बैल डोळे अर्धे मिटून चघळत होता. शिकत असताना कॉलेजच्या प्रयोगशाळेत ससे होते. प्रयोग संपला की त्यांना संपवावं लागायचं. तिथला म्हातारा शिपाई सशाला थंड टेबलावर ठेवू द्यायचा नाही. आधी मांडीवर घ्यायचा, त्याचे कान कुरवाळायचा, ससा ढिला पडला की मगच सुई. मी घाई केली तेव्हा सशानं माझं बोट फोडलं होतं. व्रण अजून आहे. एवढा ढळढळीत धडा हातावर घेऊन मी वीस वर्षं हिंडतोय, आणि तरी.

बैल रवंथ करायचा थांबला तेव्हा जोडीदाराला अंगणातून लांब नेलं. म्हातारीनं बैलाचं डोकं मांडीवर घेतलं, जेवढं मावलं तेवढं. गुंगी दिली, डोळ्यांची उघडझाप थांबली, मग पुढची दोन इंजेक्शनं. मी छातीला नळी लावून बसलो. शेवटचा ठोका गेल्यावरही पूर्ण पाच मिनिटं ऐकत राहिलो, डोळ्याला बोट लावून पाहिलं, आणि मगच सांगितलं. पायसुद्धा झाडला नाही त्यानं. ते काम मी चांगलं करतो, आणि त्या दिवशीही चांगलं केलं. जोडीदाराला परत आणून हुंगू दिलं, म्हणजे तो नंतर शोधत फिरत नाही. शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, खोल खड्डा केला, कारण औषध भिनलेलं अंग कुत्र्यांच्या तोंडी लागता कामा नये.

आता अशा कामाला निघालो की मी पहिला प्रश्न विचारतो, याला खायला काय आवडतं? पेटीत गुळाचा खडा असतो. परिचर निवृत्त होण्याआधी त्यांनीच तो कागदात बांधून ठेवला, मला न विचारता.

मातीचं काम उरकून हात धुतले आणि गाडीकडे निघालो, तर म्हातारीनं ओसरीवर ताट मांडलेलं. पुरणपोळी, कढी, भजी. मी म्हणालो, "नको, आजी. आज घास उतरणार नाही."

तिनं पाट पायानं पुढं सरकवला. "जेव मुकाट्यानं. तुह्यं काई ऑपरेशन नाई आज."